पाकिटात काय आहे ते सांगा

आमचं दुकान अठ्ठ्याण्णव साली सुरू झालं. दुकान म्हणजे घराच्या ओटीचा रस्त्याकडचा अर्धा भाग. मालवणच्या बंदराकडे जाणारा रस्ता घरासमोरूनच जातो, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसायचा. नवरा भावकीतल्या दोघांबरोबर भागीत होडी चालवायचा, सासू बाजारात मासे विकायची, आणि घरात नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं. माझं माहेर आरोंद्याचं, खाडीकाठचं. बारावीपर्यंत शिकलेली सून घरात आली याचं सासूला कौतुक नव्हतं, उलट धास्तीच होती. "शिकलेल्या बायलांचा तोंड गप रवणा नाय," असं ती शेजारणीला माझ्यादेखत सांगायची. तिचं स्वतःचं तोंड कसं चालायचं, ते साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

सुरुवातीला दुकानात काचेच्या बरण्या होत्या. खाजं, शेवकांड, चिवडा, शेंगदाण्याची चिकी. खाजं दोन घरं पलीकडची बाई करून द्यायची. गिऱ्हाईक विचारायचं, आलं घातलंय ना? गूळ कुठला? तेल ताजं की तळणीचं उरलेलं? मला उत्तर देता यायचं, कारण मी तिच्या चुलीपाशी बसून ते होताना पाहिलेलं असायचं.

मग पाकिटं आली. सावंतवाडीहून आठवड्याला एक टेम्पो यायचा, त्यातला पोरगेलासा सेल्समन बांबूच्या काठीला अडकवलेल्या माळा खांद्यावर टाकून दुकानात शिरायचा. पिवळंधमक पाकीट, त्यावर काळा चष्मा घातलेला हसरा पोपट, आत मक्याचे फुगीर, केशरी तुकडे. जिभेवर ठेवले की विरघळायचे. मुलं शाळेत जाताना एक आणि येताना एक घ्यायची. वर्ष-दोन वर्षांत बरण्या मागच्या फळीवर गेल्या आणि दाराला तोरणासारखे पोपट लटकले.

सासूलाही ते आवडायचे. तिच्या दाढा पडल्या होत्या. बाजारातून आली की पाय धुऊन ओटीवर बसायची, पाय लांब करायची आणि चहा मागायची. "तुझ्या पोपटाचां एक दी गो," म्हणायची. "ह्यां बरां. चावूक नको." दिवसभरात ती माझ्याशी गोड बोलायची ती एवढ्याच वेळात.

माझा धाकटा दीर मालवाहू बोटीवर कामाला होता. सहा-सात महिने समुद्रावर, मग दीड-दोन महिने घरी. दोन हजार सहाच्या सुमाराला तो असाच सुट्टीवर आला. साबण, चॉकलेटं, सासूला एक लोकरी शाल जी मालवणात कधीच कोणी पांघरणार नव्हतं, आणि माझ्या मुलीसाठी युरोपातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेलं खाऊचं एक पाकीट. मुलगी तेव्हा तिसरीत होती. पाकीट बघताच ओरडली, "काका, हो तर आपलोच पोपट!"

खरंच आमचाच पोपट होता. तोच चष्मा, तेच हसू. तिने दाराला लटकलेलं एक पाकीट काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली. आकार वेगळा, पोपट एकच. मी तिकडचं पाकीट उलटून पाहिलं. मागे पाच-सहा भाषांत बारीक अक्षरं होती. त्यातलं इंग्रजी मी लावत लावत वाचलं. मक्याच्या नावापुढेच लिहिलं होतं, जनुकीय बदल केलेल्या मक्यापासून बनवलेलं.

मी दिराला विचारलं, "ह्यां काय?"

"थंयच्या देशांनी कायदोच आसा, वयनी," तो म्हणाला. "तसलो मको घातलो तर पाकिटार लिवकच व्हया. नायतर माल अडवतत."

"तसलो म्हणजे? काय केलेला असता मक्याक?"

"बियाणातच फेरफार करतत. दुसऱ्याच कसल्यातरी जिवाचो गुण आणून तेच्यात घालतत. मगे कीड लागणा नाय, नायतर तणाचा औषध मारला तरी पीक मरणा नाय. आमच्या बोटीतसून असलो मको कितीदा न्हेलो."

"आणि खाल्ल्यान काय होता?"

त्याने खांदे उडवले. "काय होणा नाय म्हणणारे आसत, होता म्हणणारेय आसत. माका काय म्हायत? पण थंय सांगतत. घेवचा तेनी घेवचा, नको तेनी ठेवचा."

मी आमचं पाकीट उलटलं. मका, खाद्य वनस्पती तेल, मसाला, मीठ, रंग. संपलं. त्यातला मका तोच होता की आपल्याकडच्या एखाद्या शेतातला, ते त्या पाकिटावरून कळायला मार्ग नव्हता. तोच असेल, नसेलही. पण त्याच पोपटाची मालक असलेली कंपनी तिकडच्या बाईला मका कसला ते सांगत होती आणि मला सांगत नव्हती. मला भीती वगैरे वाटली नाही. कानशिलं तापली. कोणीतरी माझ्यादेखत माझ्याबद्दल कुजबुजावं आणि मी विचारलं तर "काही नाही" म्हणून हसावं, तसं झालं.

टेम्पो आला तेव्हा मी सेल्समनला दोन्ही पाकिटं दाखवली. तो घाटावरचा होता. त्याने तिकडचं पाकीट कौतुकाने फिरवून पाहिलं.

"भारी आहे की, वहिनी! इंपोर्टेड!"

"मागे काय लिहिलंय ते वाचा."

त्याने वाचल्यासारखं केलं. "आपल्याकडचा माल वेगळा असतो."

"मका वेगळा आहे?"

"मका म्हणजे मका हो."

"बरं, आणि हे खाद्य तेल कसलं? सरकीचं, सोयाबीनचं की पामचं?" मी पेपरात वाचलं होतं की विदर्भात आता कापूसही बदललेल्या बियाण्याचाच लावतात, आणि सरकीचं तेल काढून ते खाण्यात वापरतात.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी त्याच्या बायकोचं वय विचारलं होतं. "वहिनी, तेल म्हणजे तेल. वरून छापून येतं, आम्ही पोचवतो. किती माळा देऊ?"

पाकिटावर ग्राहकांसाठी फोन नंबर होता. दुपारी दुकानात कोणी नसताना मी तिथे फोन लावला. बराच वेळ गाण्याची धून वाजली. मग एक मुलगी आली, आवाज साखरेत बुडवून काढलेला.

"मॅडम, आमचं उत्पादन पूर्णपणे सुरक्षित आहे."

"ते मी विचारलं नाही. मका कसला आहे ते विचारलं."

"उच्च प्रतीचा, मॅडम."

"जनुकीय बदल केलेला आहे का?"

कागद चाळल्याचा आवाज आला. मग पुन्हा तोच सूर, "मॅडम, आमचं उत्पादन पूर्णपणे सुरक्षित आहे."

मी तिला म्हटलं, "बाळे, तुला तरी माहीत आहे का?" फोन बंद झाला. तिचा राग आला नाही. तिला जेवढं लिहून दिलं होतं तेवढंच ती म्हणत होती. राग आला तो लिहून देणाऱ्याचा. कुठेतरी गार खोलीत बसून त्याने विचार केलेला असणार की असं कोणी विचारलं तर असं म्हणायचं. म्हणजे कोणीतरी विचारेल हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. कोणी सांगितलं की खाण्याच्या वस्तूंचं तिथल्या एका कचेरीत बघतात. तिथले साहेब सभ्य होते. मला बसायला सांगितलं, पाकिटं नीट पाहिली.

"बाई, आम्ही भेसळ बघतो. दुधात पाणी, मिरचीत रंग. हे त्यात बसत नाही."

"मग कशात बसतं?"

"ते सगळं दिल्लीच्या पातळीवर चालतं. तिथे विचार सुरू असेल."

"तिकडच्या लोकांना सांगतात, मग आम्हाला का नाही सांगत?"

ते हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घातल्यासारखे हसले. "तिकडचे लोक वाचतात. आपल्याकडे लोकांना एवढं कळत नाही. उगाच घबराट होते."

मी उठले. पाकिटं पिशवीत घातली. कसालच्या फाट्यावर एसटी बराच वेळ उभी होती, तेव्हा शेजारच्या बाईने मला विचारलं, "कोणाशी बोलतास गो?" मी मोठ्याने बोलत होते हे मला तेव्हा कळलं. कळत नाही म्हणून सांगायचं नाही, आणि मग सांगितलंच नाही तर कळायचं कसं? मी त्या साहेबांना हे तोंडावर म्हणायला हवं होतं. एसटीत खिडकीला म्हणत होते.

घरी आल्यावर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि मार्करने लिहिलं, 'या पाकिटातला मका आणि तेल कसलं आहे ते कंपनी सांगत नाही. परदेशात सांगते.' दोन माळांच्या मध्ये तो टांगला. पाकिटं काढली नव्हती. विकणं बंद केलं नव्हतं. ज्याला घ्यायचं त्याने वाचून घ्यावं, एवढंच.

मुलं पुठ्ठा मोठ्याने वाचायची आणि पाकीट घेऊन पळायची. मोठी माणसं वाचायची, माझ्याकडे बघायची आणि काड्यापेटी घेऊन जायची. सासूला वाचता येत नव्हतं. तिने नातीकडून वाचून घेतलं आणि माझ्यावर धावून आली.

"गिऱ्हायकाक भियवून धंदो करतत काय गो?"

"भियवणा नाय आये, सांगतंय."

"माका सांगा नको. माका खावचा आसा." तिने हात वर करून स्वतःच एक पाकीट ओढून काढलं.

नवऱ्याने तर बोलणंच टाकलं. "होडयेर लोक इचारतत, तुझी बायल पुढारी झाली काय?" एवढंच एकदा म्हणाला. मी त्याला विचारलं, लिहिलंय त्यात खोटं काय आहे? तो म्हणाला, खोटं नसलं तरी आपल्याला काय करायचंय. हे 'आपल्याला काय करायचंय' माझ्या डोक्यात असं गेलं की दोन दिवस मी त्याचं ताट वाढून त्याच्यापुढे आदळत होते.

मग एका दुपारी दारात गाडी थांबली. सेल्समनच्या वरचा साहेब होता, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सासू ओटीवर पाय पसरून चहा पीत होती, मांडीवर पोपटाचं पाकीट. साहेबाने पुठ्ठा वाचला. सुतळी ओढून तो काढला, माझ्यासमोर दोन तुकडे केले आणि गल्ल्यावर ठेवले.

"बाई, याच्यावर बदनामीची केस होऊ शकते."

"मी काय खोटं लिहिलंय?"

"खरं-खोटं कोर्ट बघेल. तुम्ही दुकान बघा."

"मका कसला आहे ते सांगा, मी स्वतः ते लिहून टांगते."

तो गाडीकडे वळला. जाताना सासूकडे बघून मान हलवली, आपण एकाच पक्षातले असल्यासारखी. गाडी गेली.

सासूने पाकीट मांडीवरून बाजूला ठेवलं. "तो काय म्हणालो?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"आणि तू इचारलंस तां सांगल्यान?"

"नाय."

"कित्याक नाय?"

"म्हायत नाय, आये."

उठून पुठ्ठ्याचे तुकडे उचलून तिने चुलीपाशी ठेवले. मला वाटलं, जाळायला नेले; पण दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते.

त्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. मैदानात शिरले आणि समोर पोपट दिसला. व्यासपीठामागे भलामोठा फलक, फलकावर चष्मेवाला पोपट. कंपनीने बक्षिसं दिली होती आणि प्रत्येक मुलाला एक पाकीट फुकट मिळणार होतं. व्यासपीठावर मुख्याध्यापक, गावचे एक पुढारी, आणि मधल्या खुर्चीत पुठ्ठा फाडणारा साहेब. मी बायकांच्या बाजूला बसले. सासू नात धावणार म्हणून बाजारातून थेट आली होती, रिकामी पाटी मांडीवर घेऊन माझ्यामागे बसली.

साहेब भाषणाला उठला. मुलांनी खेळावं, मैदानात घाम गाळावा, असं चांगलं बोलला. मग म्हणाला, "आमचा खाऊ पौष्टिक मक्यापासून बनतो. जागतिक दर्जाचा. परदेशातली मुलं जे खातात, तेच आम्ही तुमच्या मालवणच्या मुलांना देतो."

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं.

"साहेब, तेच देता तर परदेशातल्या पाकिटावर जे छापता ते इथल्या पाकिटावर का छापत नाही?"

माइक किंचाळला. माणसं वळून बघायला लागली. मुख्याध्यापक घाईने पुढे आले. "बाई, हा मुलांचा कार्यक्रम आहे."

"म्हणूनच विचारतेय, सर."

"वयनी, बसा तुमी," पुढारी खुर्चीतूनच म्हणाले. "मागसून बोलूया." शेजारची बाई माझा पदर ओढत होती. मागून कोणीतरी ओरडलं, "बस गो खाली, बक्षिसां वाटूची आसत." मी बसले नाही.

साहेब शांत होता. त्याने माइक हातात घेतला, हसला. "ताईंचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. आपण मुलांसाठी जोरदार टाळ्या वाजवू या."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ओळखीच्या, माझ्या दुकानातून साखर नेणाऱ्या, माझ्या शेजारी बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांनी त्या साहेबाचा चेहरा मला नीट आठवत नाही. त्या टाळ्या आठवतात आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांना वाईट काही करायचं नव्हतं. वाजवा म्हटलं, म्हणून त्यांनी वाजवल्या.

तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला, "टाळये बंद करा मेल्यांनू!"

भर बाजारात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज तो. त्याला माइक लागत नव्हता. सासू उभी होती, पाटी काखोटीला मारून.

"तुमी सगळी माझ्या पाटयेफुडे येतास. बांगडो आजचो काय कालचो, रापणीचो काय ट्रॉलरचो, बर्फात ठेवललो काय, सगळां इचारतास. कल्लो उघडून बघतास. मी तुमका म्हणतंय, बाये, तुझो गैरसमज झालो, टाळये वाजव? सांगतंय मां? मगे हेका सांगूक काय झाला? माझ्या सुनेन इचारल्यान मको कसलो, तेल कसला. ह्येना तिचो पुठ्ठो फाडल्यान. माझ्या ओटयेर येवन फाडल्यान!"

साहेबाचं हसू थोडं आटलं, पण तो तयारीचा होता. "आजी, तुम्ही स्वतः तर खाता. मी तुमच्या हातात पाकीट पाहिलं होतं."

लोक हसले. सासूच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"खातंय! आवाडता म्हणान खातंय. उद्याय खायन. पण माका काय भरवतंस तां सांगून भरव. शिरा पडो तुझ्या पोपटार!"

आता लोक जास्त हसले, आणि साहेब हसला नाही. पुढारीसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होते. मुख्याध्यापकांनी माइक घेतला आणि पन्नास मीटरच्या शर्यतीची नावं घाईघाईने पुकारली.

मका कसला ते कोणी सांगितलं नाहीच. शर्यती झाल्या, बक्षिसं वाटली, आणि शेवटी मुलं रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाला पाकीट मिळालं. माझी मुलगीही रांगेत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाकीट घेतलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीने सगळ्या वर्गासमोर नाही म्हणावं, हे मी तिच्याकडून मागणार नव्हते. ज्यांनी म्हणायला हवं होतं त्या मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी येताना सासू माझ्यापुढे भराभर चालत होती. वळणावर थांबली. "इचारलंस तां बरां इचारलंस," म्हणाली, "पण तुझो आवाज बारीक. बाजारात टिकाचंस नाय." त्या घरात आल्यापासून तिने केलेलं माझं हे पहिलं कौतुक.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आमच्या दारात थांबला नाही. पोपट तर गेलेच, त्याच एजन्सीची बिस्किटं, गोळ्या, साबण, सगळंच बंद झालं. समोरच्या दुकानदाराने दाराला नवा बांबू लावला आणि दुप्पट माळा टांगल्या. मुलं तिकडे जायला लागली, आणि पाकिटाला गेलेली मुलं वही-पेन्सिलही तिथूनच घ्यायला लागली. मुख्याध्यापक रस्त्यात भेटले तर चप्पल बघत जायचे. मुलीला वर्गात पोपटीण म्हणून चिडवायचे. ती एकदा रडत आली आणि म्हणाली, "आये, तू कित्याक उठलंस? दुसऱ्यांच्यो आयशी उठणत नाय." मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांवरून हात फिरवताना माझे दात आवळलेले होते.

सासूने काही दिवस पाकीट खाल्लं नाही. चहाबरोबर चुरमुरे भिजवून खायची आणि तोंड वाकडं करायची. मग एकदा बाजारातून येताना ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली मला दिसली, बोटं केशरी झालेली. तिनेही मला बघितलं. लपवलं नाही. घरी येऊन म्हणाली, "जिभेक सवय लागली गो. काय घालतत कोण जाणे." आयुष्यभर माशाच्या पाटीमागे उन्हात बसलेल्या, दाढा पडलेल्या बाईला एक गोष्ट आवडली होती, आणि ती कशाची बनलीय एवढंसुद्धा तिला सांगण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

दुकान तगलं. पर्यटक वाढत होते, त्यांना कोकम आणि खाजं हवं होतं. बरण्या पुन्हा पुढे आल्या.

दोन हजार दहा साल उजाडलं ते वांग्यावरून भांडणं घेऊन. तसंच बियाण्यात फेरफार केलेलं वांगं बाजारात येणार म्हणून देशभर गदारोळ झाला. टीव्हीवर रोज वाद, पेपरात रोज मथळे, आणि शेवटी सरकारने ते थांबवून ठेवलं. मालवणात नाक्यावर माणसं वांग्यावर बोलत होती. शाळेच्या मैदानात टाळ्या वाजवणाऱ्या बायका सोमवारच्या बाजारात भाजीवाल्याला दरडावून विचारत होत्या, तसली वांगी नाहीत ना?

त्याच दिवसांत नवरा बाजारातून आला. पिशवीतून वांगी काढून मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवली. "इचारून हाडलंय. ती तसली न्हय."

पिशवीत खाली एक फरसाणाचं पाकीट होतं, समोरच्या दुकानातून आणलेलं. माझं डोकं फिरलं. मी ते त्याच्यापुढे टाकलं.

"आणि हेचा इचारलास?"

"हेचा काय इचारूचा?"

"तेल कसला आसा तां."

त्याने चष्मा लावला आणि पाकीट उलटून खिडकीकडे धरलं. माझ्याशी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला पाकिटाची मागची बाजू वाचताना बघत होते. "खाद्य वनस्पती तेल," त्याने वाचलं. मग मलाच विचारलं, "खंयची वनस्पती?"

"माका कित्याक इचारतास? तेंका इचारा."

समोर टेम्पो उभाच होता. नवऱ्याने सदरा चढवला आणि पाकीट घेऊन रस्ता ओलांडला. मी दुकानातून बघत होते. बोलणं ऐकू येत नव्हतं. सेल्समन आता दुसराच होता, खोकी उतरवत होता. नवऱ्याचा पाकीट धरलेला हात वर गेला, पुन्हा वर गेला. तो मुलगा खोकी उतरवतच राहिला, एकदाही वळला नाही.

नवरा परत आला तो लालबुंद होऊन. "मेलो म्हणता, काका, पटत नसेल तर खाऊ नका. मी काय फुकट मागूक गेलेलंय?" तो ओटीवर बसला. आतून सासूने विचारलं, "काय झाला रे?" तो मोठमोठ्याने सगळं सांगायला लागला. आम्ही काय खातो ते आम्हाला कळायला नको काय, आम्ही माणसं नव्हेत काय, साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला यांना काय होतं, असं सगळं. आपल्या घरात हे पहिल्यांदाच घडतंय, अशा थाटात.

सासूने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मेल्या, इतकी वर्सां तुझी बायल आणि काय सांगा होती?"

त्याने सदऱ्याची बटणं काढायला घेतली. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. मला त्याचाही राग आला, आणि तरी मनातून वाटलं, बोलू दे अजून. बोलत होता ते बरोबर होतं, आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

त्या पोपटाच्या पाकिटात कसला मका होता, ते मला आजही माहीत नाही. कोणी सांगितलंच नाही.